बाजूले कोणी बसून आहे का?

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. वर्षभर पेटीत सुती कापडात गुंडाळून ठेवलेले ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांचे मुखवटे अनुराधा नक्षत्रावर बाहेर निघतात, पत्र्याच्या कोठ्यांना लुगडी नेसवली जातात आणि त्यांवर मुखवटे चढतात. त्याआधी त्या कोठीला खुशाल पाय लागतो. मुखवटा चढल्यावर मात्र ती माहेरी आलेली लेक होते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिला सोळा भाज्यांचा आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवला जातो आणि मूळ नक्षत्रावर निरोप देताना आईचे डोळे दरवर्षी भरून येतात. हे लहानपणापासून पाहत आल्यामुळे असेल, पण मुखवटा म्हणजे केवळ फसवणूक, हा अर्थ मला कधी पुरता पटला नाही.

तरीही माझ्या स्वतःच्या एका मुखवट्याची लाज मी पंचवीस वर्षे बाळगली आहे. नोकरीसाठी नागपूरहून पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कार्यालयात ‘मी फाइल पाहून राहिली’ असे सहज बोलून गेले आणि खोलीभर हसू पसरले. कोणी वाईट बोलले नाही. शेजारच्या बाईंनी तर मायेनेच वाक्य दुरुस्त करून दिले. पण त्या दिवसापासून मी जिभेवर पहारा बसवला. ‘का’ऐवजीचे ‘काहून’ गेले, ‘करून राहिली’ गेले, भाजीवाल्याकडे सांबार मागणारी मी कोथिंबीर मागू लागले. काही महिन्यांत मी कुठली, हे कोणाला ओळखता येईनासे झाले आणि त्याचा मला अभिमान वाटू लागला.

एका दुपारी आईचा कार्यालयात फोन आला. मी तिच्याशी त्याच नव्या, नीटनेटक्या भाषेत दोन वाक्ये बोलले. ती क्षणभर थांबली आणि तिने हळू आवाजात विचारले, ‘बाजूले कोणी बसून आहे का?’ मी ‘हो’ म्हणाले. ‘मग ठेवतो,’ म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर ती नेहमी रात्री आठनंतरच, मी खोलीवर एकटी असताना फोन करू लागली. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मला तेच अधिक लागले. लेकीच्या एका चेहऱ्यासमोर आपल्याला जागा नाही, हे तिने किती मुकाट्याने मान्य केले होते!

पुढे वाचनातून कळले की ज्या वाक्याला लोक हसले, त्याच्यामागे माझ्या शहराचा, नागपूरचा इतिहास उभा आहे. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि त्या प्रांतात हिंदी व मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. इतक्या सहवासानंतर ‘कर रही है’चा साचा आमच्या मराठीत मुरला असेल तर त्यात अशुद्ध काय? अर्थात हे तेव्हा ठाऊक असते तरी मी बोली सोडलीच असती, कारण माझी भीती व्याकरणाची नव्हती, एकटे पडण्याची होती.

लॅटिनमध्ये ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने हाच शब्द माणसाच्या सामाजिक चेहऱ्यासाठी वापरला. समाजात वावरायला असा चेहरा लागतोच, पण माणूस त्यालाच ‘मी’ समजू लागला की अडचण होते, असे त्याचे म्हणणे होते. आपला ‘व्यक्ती’ हा शब्द निराळ्या वाटेने येतो. ‘व्यक्त होणे’ म्हणजे प्रकट होणे, आणि जी प्रकट होते ती व्यक्ती. मला हा शब्द फार जवळचा वाटतो. पुण्यात असताना मी मानत असे की नागपूरची मी खरी आणि कार्यालयातली खोटी. पण आईशी बोलतानाही मी तापाने पडले होते हे लपवलेच होते, आणि त्या ‘खोट्या’ भाषेत मला अशी एक मैत्रीण मिळाली, जिला मी घरी कधीही न सांगितलेले सांगू शकले. मग खरी कोण होती? दोन्ही ठिकाणी मीच प्रकट होत होते, थोडी थोडी. चूक झाली ती एका चेहऱ्याने दुसऱ्याला नाकारले तिथे.

मात्र हे सगळे स्वतः निवडलेल्या मुखवट्याबद्दल झाले. नागपुरातच 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पिढ्यान्‌पिढ्या समाजाने जन्माच्या नावाने चेहऱ्यावर जे थापले होते, ते त्या दिवशी त्यांनी नाकारले. दीक्षाभूमीवर गेले की मला माझे दुःख फार लहान वाटते. मला हव्या त्या क्षणी परत बोलीत येता येत होते, कोणी अडवत नव्हते. ज्याची ओळख इतरांनीच ठरवून टाकली आहे, त्याला ही मोकळीक कुठून असणार? अशा माणसाला ‘तुझा खरा चेहरा कोणता’ असे विचारण्याआधी तो थापलेला लेप कोणाचा, हे विचारायला हवे.

आता मी नागपुरातच एका महाविद्यालयात शिकवते. वर्गात प्रमाण मराठी बोलते, हा लेखही तिच्यातच लिहिते आहे, आणि तीही मला माझीच वाटते. आईला हल्ली कमी ऐकू येते. त्यामुळे स्टाफरूममधून फोन केला की मोठ्याने बोलावे लागते, ‘गोळ्या काहून नाही घेतल्या वो आई?’ आणि सगळे सहकारी ते ऐकतात. ती मात्र अजूनही मध्येच थांबून, सवयीने, ‘बाजूले कोणी बसून आहे का?’ असे विचारते. ‘हो, सगळेच बसून आहेत. तू बोल,’ मी म्हणते.