गुंडी, टेकडी आणि कुसळं

गुंडी आमच्या गल्लीतलीच कुत्री, अस्सल गावठी. घरात आल्यावर तिला फिरवायचं कुठे, हा प्रश्न होता. जवळच्या बागेच्या दारावर 'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी, आणि फुटपाथ दुचाकींनी कधीच बळकावलेला. राहिली वेताळ टेकडी. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी, आणि आमच्यासारख्यांना कांचन गल्लीतून चालत गाठता येते.

रेबीजची लस, महापालिकेचा परवाना हे सोपस्कार पटकन आटपले. खरं काम पुढे होतं. टेकडीवर मोर आहेत, ससे आहेत, तित्तर तर पायाखालून फडफडत उठतात. गल्लीत उंदरांमागे धावलेल्या गुंडीला हे सगळं शिकारच वाटणार. मोर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ते नकोच होतं. म्हणून लांब सुती दोरी घेतली आणि आधी सोसायटीच्या गच्चीवर 'गुंडी, ये' एवढंच घोटलं. आली की उकडलेल्या काळजाचा तुकडा. गच्चीवर जमलं ते टेकडीवर पार विसरली, मग तिथे पुन्हा पहिल्यापासून. मोर दिसला की दोरी ओढायची नाही, आपण उलट्या दिशेनं चालू लागायचं. ती वळून माझ्याकडे बघायची, तेवढ्यात तुकडा तोंडात. हळूहळू मोर दिसला की आधी माझ्या खिशाकडे बघू लागली. तरीही दोरी मी सोडत नाही.

"मोकळी सोडा की हो, बिचारी!" हे रोज कुणी ना कुणी ऐकवतंच. एका आजोबांना मी उन्हाळ्यात टिटवीची अंडी दाखवली. खडीतला नुसता खळगा, त्यात खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी; मी बोट दाखवेपर्यंत त्यांना दिसली नाहीत. डोक्यावर टिटवी कर्कश ओरडत घिरट्या घालत होती. "मग सोडू का हिला?" म्हटलं. आजोबा हसले आणि काठी टेकत पुढे गेले.

पावसाळ्यात गोचीड. डॉक्टरांनी दर महिन्याची गोळी लावून दिली, कारण गोचिडीतून होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. घरी आलं की कानामागे, मानेच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवायचा. सापडलीच तर चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल वगैरे लावायच्या सल्ल्यांकडे दुर्लक्ष करावं.

पण गोचिडीपेक्षा मला धास्ती कुसळांची. पाऊस संपला की टेकडीवरचं गवत सोनेरी होतं, फोटोवाल्यांची गर्दी होते, आणि आमचे वाईट दिवस सुरू होतात. कुसळी गवताच्या बीला सुईसारखं टोक आणि त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस असतात, म्हणजे आत गेलं की मागे येत नाही. वर लांब शेपटी. ती ओली झाली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि बी गिरमिटासारखं आत घुसत जातं. मातीत रुजायची सोय आहे ती, पण कुत्र्याच्या पंज्यातही तेच होतं. गुंडी एकदा पाय चाटायची थांबेचना. बाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसती सूज. डॉक्टरांनी भूल देऊन चीर घेतली तेव्हा आत अख्खं टोक निघालं. आता ऑक्टोबरपासून गवतात शिरायचं नाही, मळलेली पायवाट सोडायची नाही. खिशात चिमटा आणि छोटी टॉर्च. कुत्रं एकाच बाजूला डोकं झटकत राहिलं तर कानात कुसळ गेलंय असं समजावं आणि स्वतः न कोरता तडक डॉक्टर गाठावा.

उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत खाली उतरतो. काळा पाषाण भराभर तापतो. आपल्याला बुटांमुळे कळत नाही.

राहता राहिली टेकडीवरची कुत्री. देवळाजवळच्यांशी ओळख झाली. दोरी सैल ठेवायची, थांबायचं नाही, नजर भिडवायची नाही, थोडं वळसा घालून जायचं. शेपट्या ताठ होऊन पुन्हा हलू लागल्या की झालं. खाणीकडची टोळी मात्र अजून बधलेली नाही. तिकडून पहिलं भुंकणं आलं की आम्ही देवळावरूनच मागे फिरतो. खाणीतलं पावसाळी पाणी बघायचं तर मी रविवारी एकटी जाते, आणि परत आल्यावर गुंडी माझे बूट बराच वेळ हुंगत बसते.