पिक ठेवून दिल्यानंतरचा चौथा महिना

गेल्या नोंदीत मी गिटारची पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी पट्टी, कपाटात ठेवून दिल्याचे लिहिले होते. बोटांनी वाजवण्याचा चौथा महिना संपताना, जेफ बेक यांनी गिटारवर वाजवलेल्या ‘नादिया’ या गाण्याची पहिली ओळ सलग वाजू लागली आहे, सुरात मात्र ती दहापैकी तीनच वेळा लागते.

गिटारवादक जेफ बेक 1965 मध्ये एरिक क्लॅप्टन यांच्या जागी यार्डबर्ड्स या इंग्लिश रॉक बँडमध्ये आले आणि पुढे 1980 च्या दशकात, पिकच्या जोरावर नाव झालेले असताना, अंगठ्याने आणि बोटांनी वाजवू लागले. ज्या काळात नवी पोरे वेगासाठी एकमेकांशी चढाओढ करत होती, त्याच काळात या माणसाने वेगाचे हत्यार खाली ठेवावे, ही गोष्ट मला त्यांच्या गाजलेल्या सोलोंहूनही मोठी वाटते. 1989 च्या ‘व्हेअर वेअर यू’मध्ये ते हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला बारीक, उंच सूर) छेडून पुढची सुरावट व्हॅमी बारने (तारांचा ताण कमी-जास्त करणाऱ्या दांडीने) काढतात आणि त्यामागे बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगायनाची प्रेरणा आहे. 2001 च्या अल्बमात, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी नितीन सॉहनी यांचे ‘नादिया’ घेतले, जे मुळात स्वाती नाटेकर यांनी गायले आहे. नवे काही हवे झाले की बेक दुसऱ्या गिटारवाल्याऐवजी गाणाऱ्या गळ्याकडे वळत, असा माझा तर्क आहे.

‘नादिया’च्या गायनातली मींड बारवर उतरवण्यासाठी मी माझ्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारचे मागचे झाकण काढले आणि तारांचा व स्प्रिंगांचा ताण बरोबरीत येऊन ब्रिज (बार जोडलेला, तारा टेकतात तो भाग) किंचित वर उचलला जाईपर्यंत स्क्रू थोडे थोडे सैल केले. आता बार दोन्ही बाजूंना चालतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते: एक तार बोटाने ताणली की बाकीच्या उतरतात आणि परवा पहिली तार तुटली तेव्हा उरलेल्या पाचही एकदम चढल्या. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत पेन्सिलीचे शिसे घासल्यापासून बार सोडल्यावर तारा बऱ्यापैकी जागेवर येतात.

खरी अडचण करंगळीची आहे. आवाज शून्यावर ठेवून तार छेडायची आणि करंगळीने नॉब फिरवत सूर उमलू द्यायचा, म्हणजे टोल ऐकू न येता गळ्यासारखी सुरुवात होते. पण त्याच हाताच्या तळव्याखाली बारही असतो आणि माझी करंगळी नॉबपर्यंत पोहोचते तोवर सूर निम्मा विरलेला असतो.

बेक यांचे उत्तरायुष्यातले सगळेच मला पटते असे नाही. जॉनी डेप यांच्यासोबतचा 2022 चा अल्बम मी दोनदा ऐकून बाजूला ठेवला, आणि शतकाच्या वळणावरच्या अल्बमांतले इलेक्ट्रॉनिक ताल आज शिळे वाटतात. मात्र त्यांवर वाजणारी गिटार शिळी वाटत नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या ओळीला हात न लावता पहिल्याच ओळीतला शेवटचा उतार, मूळ गायन कानाला लावून, रोज वीस मिनिटे घोटणार आहे.