ताटाची डावी बाजू

आजींची सून वैतागली होती. "रोज म्हणतात, चटणी वाढलीच नाहीस. समोर असते हो! मुद्दाम करतात असं वाटायला लागलंय." लकवा डाव्या अंगावरून गेलेला, म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठीक असल्याचं सांगितलं होतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारी. त्या दिवशी जेवणाच्या वेळीच आजींजवळ बसले. भाजी संपली, आमटी संपली, भाकरी उजवीकडून निम्मी संपली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर मात्र जिथल्या तिथे. आपल्याकडे हे सगळं डावीकडेच वाढतात.

मी म्हटलं, "आजी, डोळे मिटा. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहात. काय काय दिसतं?"

फ्रीज, पिंप, डब्यांची फळी. बस्स.

"आता खिडकीपाशी जा आणि दाराकडे तोंड करा."

आता ओटा आला, गॅस आला, देव्हारा आला. फ्रीज गेला! सून माझ्याकडे बघतच राहिली.

१९७८ साली बिसियाक आणि लुझ्झाट्टी या संशोधकांनी इटलीतल्या मिलानमधल्या दोन रुग्णांना तिथल्या कॅथीड्रलसमोरच्या (मोठ्या चर्चसमोरच्या) चौकाबद्दल असंच विचारलं होतं. दोघांनीही मनातल्या चौकाची डावी बाजू गाळली, आणि समोरच्या टोकाला उभं राहिल्याची कल्पना करायला सांगितल्यावर तीच बाजू सांगितली. आठवण शाबूत असते, डावीकडे लक्षच वळत नाही. उजवा मेंदू दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीकडे, असं मानतात. म्हणून उजव्याला इजा झाली की डावी बाजू वाऱ्यावर पडते. हे सुनेला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. मेंदूचं हे शास्त्र माहीत नसेल तर आपणही पेशंटला "नीट लक्ष द्या" म्हणून रागावत बसू, असं मला फार वाटतं.

ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी चिकटवली. प्रत्येक घासाआधी मान वळवून आधी पट्टी शोधायची. डाव्या हाताची बोटं थोडी हलत होती, तो हात ताटाच्या डावीकडे ठेवून हलवायला लावला. त्याने काहींचं त्या बाजूचं भान सुधारतं. थोड्या वेळाने आजींनी चटणी शोधली आणि सुनेला म्हणाल्या, "वाढलीयेस की गं."

गॅस मात्र अजून त्यांच्या हाती दिलेला नाही. ताटावर जमलेलं ओट्यावर आपोआप जमत नाही, आणि डावीकडची शेगडी चालू राहिली तर काय? तो सराव आता बंद गॅसवर, रिकाम्या पातेल्यांनी सुरू करतोय.