उंदराला हिपॅटायटिस बी होत नाही, मग प्रयोगाला उंदीरच कशाला?

हा प्रश्न नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणारे तर हमखास विचारतात. सूर ठरलेला असतो: कसं पकडलं! तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

होत नाही, हे खरंच आहे. यकृताच्या पेशीत शिरताना हिपॅटायटिस बीचा विषाणू एनटीसीपी नावाचं प्रथिन धरतो. पित्तक्षार पेशीत घेणं हे त्या प्रथिनाचं मूळ काम. २०१२ मध्ये बीजिंगमधल्या संशोधकांनी ते शोधलं, तेही ट्री श्रू या खारीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या यकृतपेशी वापरून. उंदराच्या एनटीसीपीमार्फत विषाणूला आत शिरता येत नाही. मग माणसाचं एनटीसीपी उंदरात घालून पाहिलं. त्याच प्रथिनाला धरून शिरणारा हिपॅटायटिस डीचा विषाणू शिरला, बी पुढे अडलाच. पेशीच्या केंद्रकात विषाणूचा जो बंद वर्तुळाकार डीएनए तयार व्हावा लागतो, तो सीसीसी डीएनए, तिथे धड बनत नाही.

म्हणून आम्ही उंदराला लागण करतच नाही, विषाणूचा डीएनएच थेट यकृतात पोचवतो. २० ग्रॅमच्या उंदराला वजनाच्या ८ ते १० टक्के, म्हणजे १.६ ते २ मिलिलिटर सलाइन, त्यात साधारण १० मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड (विषाणूचा डीएनए वाहणारं डीएनएचं छोटं वर्तुळ), शेपटीच्या शिरेतून ५ ते ८ सेकंदांत. त्याच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम दीड मिलिलिटर. एवढा लोंढा हृदयाला उपसत नाही, तो उलटा यकृतात घुसतो आणि पेशी डीएनए आत घेतात. पंधरा सेकंद लावलेत तर काही हाती लागत नाही. शेपटी आधी कोमट करून शीर फुगवली नाही, तर सुई निसटते, कातडीखाली पांढरा फुगवटा येतो. तो उंदीर त्या गटातून बाद. ‘अर्धं तरी गेलं असेल’ म्हणून ठेवायचा नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, भराभर चढतं. नवख्यांना वाटतं हिपॅटायटिस झाला. तो सुईच्या लोंढ्याचा मार असतो, काही दिवसांत उतरतो. शिवाय सुरुवातीला रक्तात टोचलेलंच प्लाझ्मिड फिरत असतं. सीरमवर आधी डीएनेज हे डीएनए तोडणारं विकर वापरलं नाही तर पीसीआर ही डीएनए मोजणारी चाचणी त्यालाच विषाणू समजून मोजते. उंदराची जातही नडते: सी५७ ब्लॅक ६ मधल्या बऱ्याच उंदरांत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, बाल्ब सी मध्ये लवकर साफ होतो.

एवढं ऐकून लोक म्हणतात, म्हणजे सगळा बनावच की. बनाव आहेच. या उंदरात विषाणू पेशीत कसा शिरतो ते कळणार नाही. आत गेल्यावर प्रतिकारशक्ती त्याला कशी हुसकावते ते कळेल. एका प्राण्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर मागायचं असतं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मलाच त्याचा कंटाळा आलाय. आणि ते पुरेसं नाही, हेही मला माहीत आहे. कारण फियाल्युरिडीन.

१९९३, बेथेस्डा, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं रुग्णालय. हिपॅटायटिस बीच्या १५ रुग्णांना हे औषध तोंडावाटे २४ आठवडे द्यायचं होतं. उंदीर, घुशी, कुत्रे, माकडं यांतल्या चाचण्यांत पुढचा धोका दिसला नव्हता. माणसांतल्या आधीच्या, कमी मुदतीच्या चाचण्यांत विषाणू झपाट्यानं घटला होता. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचं यकृत एकाएकी ढासळलं, रक्तात लॅक्टिक आम्ल साचलं. सगळ्यांचं औषध तत्काळ थांबवलं. तरीही एकूण सात जणांची यकृतं बिघडतच गेली. पाच जण दगावले, दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले.

या औषधाचे रेणू मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या, डीएनएत जाऊन बसले होते. माणसात ते मायटोकॉन्ड्रियाच्या आत नेणारं एक वाहक प्रथिन आहे, ईएनटी१. उंदरात तेच प्रथिन आहे, पण मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर नाही. म्हणून उंदीर धडधाकट राहिले. आणि हिपॅटायटिस बीमध्ये औषध लागू पडतानाही एसजीपीटी मध्येच उसळी घेतं. यकृत रोगानं बिघडतंय, औषधानं बिघडतंय की ही बरं होण्याची खूण आहे, हे नुसत्या आकड्यावरून उमगत नाही.

नंतर तेच औषध वुडचकला दिलं. वुडचक म्हणजे अमेरिकेतला खारीच्या कुळातला जाडजूड, बिळात राहणारा प्राणी. हिपॅटायटिस बीचा भाऊबंद शोभेल असा विषाणू त्याच्यात १९७८ मध्येच सापडला होता, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात यकृताच्या कर्करोगानं मेलेल्या वुडचकमुळे. पहिला महिना सगळं छान, विषाणू खाली. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून खाणं तुटलं, वजन उतरलं, स्नायू झडले. औषध दिलेला एकही प्राणी चार महिने काढू शकला नाही. चार आठवड्यांवर चाचणी थांबवली असती, तर वुडचकनंही औषधाला पास केलं असतं. म्हणजे दोष प्राण्याच्या निवडीचा की मुदतीचा? मी वर्षानुवर्षं ‘निवडीचा’ म्हणत आले, आता तितकं छातीठोकपणे म्हणवत नाही.

मानवी यकृताचा उंदीर आला की हा वाद मिटेल, असंही मला वाटायचं. २०१४ मध्ये तशा उंदरांत फियाल्युरिडीनची विषबाधा दिसलीसुद्धा, साध्या उंदरांत नाही. पण असा उंदीर करायचा कसा ते पाहा. एफआरजी जातीच्या उंदराला एनटीबीसी हे औषध पाण्यातून चालू असतं. ते काढलं की त्याच्या स्वतःच्या यकृतपेशी मरू लागतात. प्लीहेत टोचलेल्या पाच-दहा लाख मानवी पेशी ती जागा भरतात, दोन-तीन महिने घेऊन. किती भरल्या, ते रक्तातल्या मानवी अल्ब्युमिनवरून, म्हणजे यकृतपेशी बनवतात त्या प्रथिनावरून, कळतं. मध्येच वजन फार उतरलं तर एनटीबीसी पुन्हा सुरू. आणि परक्या पेशी टिकाव्यात म्हणून हा उंदीर प्रतिकारशक्तीविनाच जन्माला घातलेला असतो. रक्तात विषाणू भरपूर, यकृत मात्र शांत! कारण हिपॅटायटिस बीमध्ये पेशी मारतो तो आपलाच टी-सेल, म्हणजे प्रतिकारशक्तीची पेशी, विषाणू क्वचितच. मग त्याच उंदरात मानवी प्रतिकारशक्तीही बसवा म्हणावं, तर यकृतपेशी एका दात्याच्या आणि ज्यांतून टी-सेल तयार होतात त्या रक्ताच्या मूळपेशी दुसऱ्याच्या निघाल्या की टी-सेल यकृतावर तुटून पडतात, विषाणू असो वा नसो.