घड्याळ कुणाचं होतं ते आधी सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या खेपेला सगळं सांगते, म्हणजे पुढच्या मुंजीत मला कोपऱ्यात गाठून पुन्हा तेच विचारायला नको. प्रश्न दोन बाजूंनी येतो. नातेवाईक विचारतात, "पत्रिकेवर तुझा काडीचा विश्वास नाही, मग लोकांच्या जन्मवेळा तपासत कशाला बसतेस?" ज्योतिषी मंडळी विचारतात, "युद्धात घड्याळं तासभर पुढं होती; बेचाळीसचा सप्टेंबर ते पंचेचाळीसचा ऑक्टोबर, एक तास वजा करायचा, संपलं. तुमचा तो जन्मवेळा तपासणारा कॉम्प्युटर-प्रोग्रॅम मध्येच चौकशा कशाला करतो?"

आधी नातेवाईक. विश्वास नाही, हे खरं. माहेर साताऱ्याचं, दाभोलकरांची व्याख्यानं पुढच्या रांगेत बसून ऐकलेली. मंगळ कुणाच्या संसारात लक्ष घालतो असं मला वाटत नाही. पण जुनी घड्याळं कधी आणि किती सरकवली, याची चौकशी आपल्याकडं करतो कोण? इतिहासवाले तारखेवर थांबतात. कोर्टाला जन्मतारीख पुरते. मिनिटापर्यंत जाणारा एकच माणूस, तो म्हणजे ज्योतिषी. कारण पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा बिंदू, साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं आणि दोन तासांत रास ओलांडतं. तास चुकला की जवळजवळ निम्म्या पत्रिकांचं लग्नच बदलतं. त्यांना गरज होती म्हणून ही माहिती टिकली. हे कबूल करताना मला त्रास होतो, पण आहे ते आहे.

जगातही हेच झालंय. तुमच्या फोनला कुठल्या देशात कधी किती वाजले होते हे ज्या यादीवरून कळतं, ती आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली आणि पुढं पॉल एगर्ट यांनी सांभाळली. तिच्यातल्या १९७० पूर्वीच्या नोंदींचा मोठा भाग ज्योतिषांसाठी केलेल्या एका अमेरिकन अ‍ॅटलासच्या आधारानं आलेला. त्यावरूनच २०११ साली एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीनं या दोघांवर दावा ठोकला. यादी काही दिवस बंद पडली, मग इंटरनेटचे पत्ते सांभाळणाऱ्या संस्थेनं ती आपल्याकडं घेतली, आणि पुढच्या फेब्रुवारीत दावा मागं घेतला गेला. म्हणजे उद्या सकाळी तुमचा गजर वेळेवर वाजणार, त्यात थोडा वाटा ज्योतिषांचाही आहे. हसू नका, मीही आधी हसले होते.

त्या यादीत भारताला एकच नोंद आहे, कोलकात्याच्या नावाची. १९७० नंतर जिथली घड्याळं एकसारखी चालली ती ठिकाणं एका नोंदीत, असा तिचा नियम. २०२२ साली या नियमानं ऑस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन बर्लिनच्या नोंदीला जोडले गेले आणि त्यांचा जुना तपशील वेगळ्या फायलीत गेला. तिकडच्या लोकांनी खूप आरडाओरडा केला. मला त्यांचा राग समजतो. आपली मुंबई तर नोंद म्हणून त्या यादीत कधी नव्हतीच.

आता ज्योतिषी मंडळी. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ हिंदुस्थानचं घड्याळ एक तास पुढं, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढं. वॉर टाइम. हा हुकूम झाला. हुकूम निघाला आणि घराघरातले काटे सरकले, असं आपल्याकडं कधी झालंय? साडेपाच तासांची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची; पण मुंबईची महापालिका तिच्या ३९ मिनिटं मागचा मुंबई टाइम १९५५ पर्यंत धरून बसली. हे शहराचं. आणि आपल्याकडं १९४३ साली काय चाललं होतं? आजचा सांगली जिल्हा तेव्हा थोडा साताऱ्यात, थोडा पटवर्धनांच्या आणि इतर संस्थानांत. ७ जूनला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली, २४ जुलैला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. गावोगाव नाना पाटलांचं प्रतिसरकार, न्यायनिवाडे त्यांचेच. ज्या गावात सरकारचा तलाठी जायला घाबरत होता, तिथं सरकारचं घड्याळ मुकाट चाललं असेल, हे मी कशाच्या जोरावर धरू? शेणोलीची गाडी रेल्वेच्या वेळेवर धावत होती, एवढं नक्की. तिची वाट बघणारे कुठल्या वेळेवर बसले होते?

म्हणून प्रोग्रॅम विचारतो: घड्याळ कुणाचं होतं? रेल्वेचं, पोस्टाचं, दवाखान्याचं, घरचं, की घड्याळच नव्हतं?

अण्णांच्या प्रकरणानंतर हा प्रश्न कायमचा झाला, म्हणून ते सविस्तर सांगते.

२०२४ साली मिरजेचे एक गृहस्थ वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, सहस्रचंद्रदर्शनासाठी आले. गुरुजींना तिथी-वार पक्का हवा होता, आणि ज्योतिषांकडून माझं नाव कळलेलं. सोबत एक वही, कापडी पुठ्ठ्याची. आजोबा मिरज स्टेशनात पॉइंट्समन. त्यांच्या हातची नोंद: १९४३, श्रावण, सोमवार, सकाळी ६-३५. खाली मुलाचं नाव, तेही महादेवाचंच. श्रावणी सोमवारी जन्मलेला मुलगा, दुसरं काय ठेवणार?

मी सवयीनं हिशेब केला. रेल्वेच्या माणसाची नोंद, म्हणजे वॉर टाइम. ६-३५ म्हणजे प्रमाणवेळेनं ५-३५. श्रावणात मिरजेला सूर्य उगवतो सव्वासहाच्या सुमाराला. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. म्हणजे जन्म इंग्रजी तारखेनं सोमवारी, पण पंचांगानं रविवार अजून सरलेला नाही. तिथीही आदल्या दिवशीची निघण्याचा संभव. हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं. व्यवस्थित, दोन रकाने आखून.

दुसऱ्या दिवशी ते अण्णांना घेऊनच आले. म्हातारा माणूस, जिना चढून वर आलेला, धोतराचा सोगा हातात. खुर्ची दिली तर बसेनात. म्हणाले, "मी आयुष्यभर सोमवार धरलाय. बायको गेली त्या दिवशी सोमवार होता, तेव्हासुद्धा सोडला नाही. आणि तुम्ही म्हणता मी रविवारचा."

मी म्हटलं, "अण्णा, मी काही म्हणत नाही, पंचांग म्हणतं."

"पंचांग मी पण वाचतो. सरकारनं त्या वेळी तास नेला, आता तुम्ही वार न्यायला आलाय."

मुलगा खाली बघत होता. मी चहा ठेवायला आत गेले, खरं म्हणजे तोंड चुकवायला. चिडलेही होते. मागायला कोण आलं होतं? अचूक पाहिजे म्हणायचं, आणि अचूक दिलं की डोळ्यांत पाणी आणायचं. चहा गाळताना मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडत होते: उपास तुम्ही केलात तो महादेवासाठी, माझ्या प्रोग्रॅमसाठी नाही, मग माझ्या कागदानं त्याला काय होतंय?

बाहेर आले तेव्हा अण्णा बसले होते. आता आवाज खाली आला होता. म्हणाले, "आई सांगायची, कंदील विझवला होता. पागोळ्या गळत होत्या आणि दारातून ऊन आत आलं होतं."

मी कप ठेवला आणि विचारलं, "वडील घरी होते त्या वेळी?"

"छे. पाळीवर होते. शेजारच्या बाईनं वेळ बघून ठेवली, ते आल्यावर वहीत लिहिली."

शेजारच्या घरी घड्याळ होतं का? होतं, भिंतीवरचं, किल्लीचं. ते पुढं केलं होतं का? अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी प्रश्न मागंच घेतला. जन्मलेल्या मुलाला हे विचारायचं?

आता बघा. ५-३५ला ऊन दारात येत नाही. श्रावणात त्या वेळी जेमतेम फटफटतं. ६-३५ला येऊ शकतं, ढग असले तरी. म्हणजे आईचं सांगणं खरं धरलं, तर शेजारचं घड्याळ जुन्या वेळेवर होतं आणि अण्णा अस्सल सोमवारचे. पण आईचं सांगणं कधीचं? मुलगा सोमवारचा, हे घरात ठरल्यावर पहाटेचंही हळूहळू ऊन होतं. अशा आठवणी मी पुष्कळ ऐकल्यात. आणि रेल्वेचा माणूस घरी आल्यावर शेजारणीची वेळ तशीच उतरवेल, की मनात एक तास मिळवून? त्याचं सगळं आयुष्य त्या काट्यांवर चाललेलं.

मी कागदावर दोन ओळी केल्या. एक, घड्याळ युद्धकालीन धरल्यास. दोन, घड्याळ जुन्या वेळेचं धरल्यास. मुलगा म्हणाला, "मॅडम, पत्रिकेत दोन वार छापायचे का?" गुरुजींनी सोमवार धरून पूजा सांगितली; त्यांना माझ्या कागदाची गरज पडली नाही. मला आमंत्रण होतं. गेले नाही. पाय दुखतोय म्हणून कळवलं, आणि दुखत नव्हता.

यावर माझं माझ्याशीच पटत नाही. सहकारी बँकेत कॉम्प्युटरवर बसणारी, पस्तिशीतली मी अजून डोक्यात आहे, ती म्हणते: हुकूम हाच पुरावा. तारीख आली, तास वजा. प्रत्येकाच्या शेजारणीचं भिंतीवरचं घड्याळ शोधत बसलीस तर नोंद राहणार नाही, नुसती आठवणींची गोधडी होईल. तिचं म्हणणं सोडून द्यावं असं नाही. नियम एक असला की निदान सगळे एकाच दिशेनं चुकतात, आणि मागाहून कुणाला तास परत मिळवता येतो. मी ज्याला त्याला विचारत बसले, तर कुणी वजा केलेलं, कुणी न केलेलं, आणि पन्नास वर्षांनी कशात काय केलं होतं ते शोधायला कुणी नाही.

मी तिला एवढंच म्हणते की म्हणून मूळ आकडा खोडायचा नाही. ६-३५ लिहिलंय, ६-३५ राहील. शेजारी लिहायचं, घड्याळ कुणाचं आणि हे कुणी सांगितलं. वजाबाकी ज्याची त्यानं करावी. त्यावर ती म्हणते, लोक वजाबाकी झालेलीच मागतात. तेही खरंच. आमच्याकडचे निम्मे ज्योतिषी प्रोग्रॅमनं विचारलं की डोळे मिटून "रेल्वे" दाबतात आणि पुढं जातात. मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे.

अण्णांच्या मुलाचा अधूनमधून फोन येतो. रागानं नाही. "मॅडम, ती रविवारची ओळ तेवढी काढता का? वडील विचारतात, अजून आहे का म्हणून." दोन्ही ओळी अजून आहेत. त्यांना सांगते तेच तुम्हाला सांगते: कुठली पुसायची ते पुराव्यासकट सांगा, पुसते.