‘हा’वरच हसू

आमच्या घरात पैसे बुडत नाहीत, वारतात. परवा आई भाजी घेऊन आली आणि पिशवी ठेवता ठेवताच म्हणाली, "तीस रुपये वारले." सुट्टे परत घ्यायचे राहिले होते. खरं तर वारतात ती माणसं, तीही जरा मान देऊन बोलायची असतील तर. पण १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ आला आणि त्यातले सत्तर रुपये वारले. तेव्हापासून आमच्याकडे पैशांनाही तो मान मिळतो.

हा सिनेमा मी किती वेळा पाहिला याचा हिशेब ठेवलेला नाही. आईनं मात्र तो धड एकदाही पाहिलेला नाही. ती तो ऐकते. टीव्हीवर लागतो तो नेमका रविवारी, तिच्या पोळ्यांच्या वेळेला. बाहेर अशोक सराफांचा धनंजय माने बोलत असतो आणि आत लाटणं चालू असतं. पुढचं वाक्य येण्याआधी लाटणं थांबतं, वाक्य होतं, आई हसते, लाटणं पुन्हा सुरू.

सगळं पाठ असताना हसू येतं तरी कसं? रहस्यपटाचं बरं असतं. एकदा खुनी कळला की माणूस मोकळा. इथे तर कोण कोणाला काय थाप मारणार, हे जाहिराती कुठे लागणार यासकट ठाऊक असतं. मला वाटतं, पाठ झाल्यावर आपण बोलणाऱ्याकडे बघायचंच सोडून देतो. नजर ऐकणाऱ्याकडे जाते. इस्राईलच्या औषधाच्या प्रकरणात मी पहिली काही वर्षं अशोक सराफांकडेच बघत होतो. आता मी सुधीर जोशींचे विश्वासराव सरपोतदार बघतो. आपण विनोदी सिनेमात आहोत हे त्या गृहस्थाला कुणी सांगितलेलंच नाही. तो खराखुरा पुणेरी घरमालक आहे, त्याला खरोखरच मधुमेह आहे आणि औषधाची त्याला मनापासून आशा आहे. थाप धनंजयची असली तरी ती पेलतो सरपोतदार.

साड्यांचंही तसंच. भाड्यानं घर मिळावं म्हणून चार मित्रांतले दोघे साड्या नेसून बायका बनतात. लहानपणी मला लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती तेवढी दिसायची. सचिनची सुधा इतकी नेटकी की तिच्यात हसण्यासारखं काय आहे, तेच कळायचं नाही. दहाव्या-बाराव्या वेळी कधीतरी लक्षात आलं की ही दोन वेगळी घराणी आहेत. सुधा बालगंधर्वांच्या वाटेनं आलेली, पदर सावरणारी. पार्वती मात्र थेट तमाशातली मावशी, साडी नेसलेला पुरुष, आणि तो पुरुष आहे हे सगळ्या फडाला माहीत. संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणाऱ्याचे. मग ही मावशी पुण्याच्या बंगल्यात भाड्यानं राहायला आली यात नवल नाही. (सचिन या सिनेमाचा दिग्दर्शकही. साडीत उभं राहून तो ‘कट’ कुठल्या आवाजात म्हणत असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

पण हे सगळं माझं शहाणपण. खरी गोष्ट वहिनीची.

वहिनी कोलकात्याची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवाळीत आम्ही हौसेनं तिला ‘बनवाबनवी’ दाखवला. "हा माझा बायको पार्वती" आलं, आम्ही सगळे लोळलो आणि ती आमच्याकडे बघत राहिली. तिला त्या वाक्यात काही वावगं सापडेना. सापडणार कसं? बंगालीत व्याकरणाला लिंगच नाही. तेव्हा ती स्वतःच "आई बाजारातून आला" आणि "माझा चप्पल कुठे गेला" असं बोलायची. तिच्या लेखी धनंजय माने शुद्ध मराठी बोलत होता.

दादानं समजावून सांगितलं. ‘हा’ चूक, ‘माझा’ चूक, ‘बायको’ बरोबर. पोर्शन संपल्यासारखं सगळे गप्प बसले.

तिनं बदला घेतला तो निराळ्या मार्गानं. ही गोष्ट मुळात बंगाली आहे, ‘जय माँ काली बोर्डिंग’, तिच्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली हिंदीत ‘बीवी और मकान’ केला आणि मग ती आमच्याकडे आली, हे तिनं शोधून काढलं. "म्हणजे आमचाच आहे," असं ती त्यानंतर कितीतरी महिने ऐकवत होती. आई म्हणायची, "असेल, पण पार्वती आमची."

मधल्या वर्षांत वहिनीची मराठी सुधारली. आधी चप्पल स्त्रीलिंगी झाली, मग दूध नपुंसकलिंगी झालं. सिनेमा दर दिवाळीला लागतच होता. तिसऱ्या की चौथ्या वेळी ती ‘बायको’ या शब्दावर हसली. आमच्याबरोबर, पण अर्धा क्षण मागून, मनात दुरुस्ती करून घेतल्यासारखी. पुढे बरोबरीनं हसायला लागली.

खरं म्हणजे ‘हा’ या शब्दात स्वतःचं काहीच चुकलेलं नाही. ‘हा माझा भाऊ’ निघेल, ‘हा माझा मित्र’ निघेल. चूक होते ती ‘बायको’वर पोचल्यावर. त्यामुळे पहिल्यांदा बघणारा माणूस ‘बायको’वरच हसणार.

गेल्या दिवाळीत फराळाची ताटं मांडीवर घेऊन आम्ही पुन्हा बसलो होतो. आई आत करंज्या तळत होती. धनंजय मानेनं तोंड उघडलं, "हा..." आणि वहिनी एवढ्या जोरात हसली की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

आतून झाऱ्याचा आवाज थांबला.

"अगं, त्याला बोलू तर दे!"