स्टोअर रूम रिकामी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा

साहेब म्हणाले मागची स्टोअर रूम रिकामी कर, मला वाटलं दोन तासाचं काम, भंगार तर उचलायचंय. चार दिवस गेले राव.

पहिल्याच तासात जुन्या ट्यूबलाइटचा गठ्ठा उचलताना एक फुटली. मी सवयीने झाडू घेतला तर मेंटेनन्सवाले काका ओरडलेच, आत पारा असतो, असेल काही मिलिग्रॅमच पण झाडूने किंवा व्हॅक्यूमने हवेत पसरतो. खिडक्या उघडून 15 मिनिटं सगळे बाहेर, मग ग्लोव्ज घालून पुठ्ठ्याने काचा गोळा केल्या, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपला आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत.

पण खरा ताप दिला तो कोपऱ्यातल्या सात-आठ पाण्याच्या बाटल्यांनी, आत पाणी नाही, कुठलं तरी केमिकल. लेबल नाही, काही नाही. एक जण म्हणे थिनर, दुसरा म्हणे अ‍ॅसिड, वास घेऊन बघ म्हणणारे हुशार पण निघाले!! एकाने तर सगळं एकाच कॅनमध्ये ओत सांगितलं. नशीब ऐकलं नाही, त्यात ब्लीच असतं आणि वर अ‍ॅसिड पडलं असतं तर क्लोरीन वायू, त्या बंद खोलीत. शेवटी बाटल्या न उघडता प्रत्येकीवर 'अज्ञात' आणि तारीख लिहून वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. केमिकलचा कचरा न्यायला आलेल्या एजन्सीने टेस्टिंगचे पैसे वेगळे लावले, साहेबांचं तोंड बघण्यासारखं होतं. नाव असलेले डबे मात्र पटकन सुटले, त्यांची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या केमिकलचे धोके आणि काळजी लिहिलेलं माहितीपत्रक, मिळाली, 16 भाग असतात तिचे, विल्हेवाटीचं 13 व्या भागात.

बाकी किरकोळ. लिथियम सेलच्या टोकांना टेप लावली. हां, जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्यांचं पोतं बघून काका परत चिडले, कारण ते तेल वाळताना गरम होतं आणि ढीग असला की ठिणगीशिवाय पेटू शकतं. आता अशा चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाण्यात बुडवून ठेवतो.

आणि रॅकला एक मार्कर लटकवलाय, काही ओतलं की लगेच नाव लिहायचं. दोनदा गायब झाला, आता तिसरा सुतळीने बांधलाय.